तारीख नसलेली साक्ष

अकोला, गुरुवार

“मंग हे प्रभूत कवा आली?”

मी स्वयंपाकघराच्या दारात रिकामी ताटं घेऊन उभी होते. प्रभूत येणं म्हणजे ख्रिस्ती होणं. विचारणाऱ्या बाई आत्याच्या चर्चमधल्या. पाहुणी बघायला म्हणून चौघी आल्या होत्या, त्यांच्यातल्या एक. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला होता. आत्यानं परातीतली भाकर अलगद उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, “नवीनच असन. जुनं गेलं नाई अजून तिच्या तोंडातून.”

‘ती’ म्हणजे हनान. आम्ही पुण्यात एकाच वसतिगृहात राहतो, दोन वर्षं एका खोलीत. ती औषधनिर्माणशास्त्र शिकायला आली आहे. तिचं गाव बेत साहूर, बेथलेहेमला लागूनच. तिथली माणसं आपलं गाव दाखवताना म्हणतात, मेंढपाळांना देवदूत दिसला तो माळ हाच. हनान पॅलेस्टिनी आहे, अरब आहे आणि ख्रिस्ती आहे. या तीन गोष्टी एका माणसात असू शकतात हे मलाही तिला भेटेपर्यंत माहीत नव्हतं. मी स्वतः ख्रिस्ती असूनही.

या वर्षी ईस्टरला तिला घरी जाता येणार नव्हतं. निदान त्याआधीच्या सुट्टीत वसतिगृहात एकटी राहण्यापेक्षा चार दिवस माझ्या माणसांत चल, असं मीच म्हटलं. माझे बाबा अकोल्याचे. नोकरीमुळे पुण्यात आले आणि मी पुण्यात इंग्रजी माध्यमात वाढले. वऱ्हाड माझ्यासाठी सुट्टीतलं गाव होतं. आत्या तिथेच राहिली. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आता निवृत्त आहे, आणि तिच्या घराचं दार मी कधी बंद पाहिलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आत्यानं ओट्यावरूनच हात उचलून “सलाम” म्हटलं. आमच्या मंडळीत जुनी माणसं अशीच सलाम करतात. हनान दारातच थांबली. नंतर मला म्हणाली, दोन वर्षांत या देशात मला पहिल्यांदा कुणीतरी घरचं बोललं.

पण घोटाळा जेवणाच्या वेळी झाला. आमच्याकडे पाहुण्यालाच प्रार्थना करायला सांगतात. हनाननं डोळे मिटले आणि तिच्या भाषेत, अरबीत, छोटीशी प्रार्थना केली. त्यात दोनदा ‘अल्लाह’ आलं. देव म्हणायला तिच्याकडे हाच शब्द आहे. घरात हाच, चर्चमध्येही हाच, आणि तिच्या आजीच्या आजीकडेही हाच होता. प्रार्थना संपल्यावर तिनं छातीवर क्रूस काढला. त्या चौघींपैकी एकीनंही ‘आमेन’ म्हटलं नाही. आत्यानं म्हटलं, पण जरा उशिरा.

मग मटणाचा रस्सा आला. हनाननं हात जोडून नको म्हटलं. तिचा ईस्टरपूर्वीचा उपास चालू होता. तिच्या मंडळीत, ऑर्थोडॉक्स लोकांत, या दिवसांत मांस, अंडी, दूध, दही काहीच घेत नाहीत. नेमका रमजानही चालू होता. मागच्या दारी भांडी घासताना बायकांनी या दोन गोष्टींची मोळी बांधून टाकली.

“रोजे सुटले नाईत अजून बिचारीचे.”

“पन दुपारी तं जेवली म्हने गाडीत.”

“मंग अर्धे सुटले असतीन.”

त्या हसल्या, पण वाईट नव्हत्या हसत. जेवताना मात्र आत्यानं रश्शाचं पातेलं मुकाट्यानं आत नेलं आणि जवसाची चटणी काढली, वर कच्चं तेल घातलं. हनाननं भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि चावता चावता थांबली. तिच्या घरी सकाळी हेच असतं, म्हणाली. तिकडे रानातल्या ओव्यासारख्या पाल्याची पूड असते, त्यात तीळ, आणि ऑलिव्हचं तेल. तिनं आणखी दोन भाकरी खाल्ल्या. पुण्यातल्या मेसमध्ये मी तिला एवढं खाताना पाहिलं नव्हतं.

हात धुताना आत्यानं मला बाजूला घेतलं. “घरच्यांनी टाकलं काय वं तिले?”

मी म्हटलं, नाही आत्या, तसं काही नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण आत्याचे डोळे भरले होते. “राहू दे, नोको सांगू,” ती म्हणाली. “दुखत असन तिले.” आणि आत जाऊन हनानसाठी स्वतःची जाड उशी काढून ठेवली.

माझ्या गप्प बसण्याची दोन कारणं होती, ती इथे लिहिते. एक जुनं आहे. नऊ वर्षांची असताना अकोल्याच्या चर्चमध्ये मला वचन वाचायला उभं केलं होतं. देवनागरी मला अडखळत येत होती. पोरं हसली, मोठी माणसंही हसली, आणि तेव्हापासून वऱ्हाडात मी मराठी फक्त लागेल तेवढीच बोलते. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. त्या गैरसमजातून हनानला इतकी माया मिळत होती की खरं सांगितलं तर ती कमी होईल, अशी मला भीती वाटली.

अकोला, शुक्रवार

मार्चमध्येच अकोल्याचं ऊन दुपारी कुणाला घराबाहेर पडू देत नाही. आत्या बाजारात जायची ती सकाळी आठला. मागच्या अंगणात हनान आणि मी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या धुवत बसलो होतो. शेजारच्या तायडेबाई भिंतीवर कोपर टेकून आमच्याकडे बघत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आत्याचं आणि त्यांचं तीस वर्षांचं भिंतीवरचं बोलणं आहे.

तायडेबाई आडवळणानं विचारत नाहीत. हनानला पुण्यात राहून मोडकंतोडकं हिंदी येतं हे कळल्यावर त्यांनी थेट तिलाच विचारलं, तुमचे लोक ख्रिस्ती कधीपासून?

“शुरू से,” हनान म्हणाली.

“शुरू से म्हंजे?”

हनाननं खांदे उडवले. तिला तेवढंच सांगता येत होतं. मी मग मराठीत सांगितलं की तिच्या घरात कुणालाच माहीत नाही. येशूच्या गावाशेजारचे लोक आहेत ते. पहिल्या शे-दोनशे वर्षांतच कधीतरी झाले असतील.

 मग तायडेबाईंनी त्यांच्या आजोबांचं सांगितलं. त्यांचं गाव धामणगावकडचं. छप्पन साली दसऱ्याला दीक्षेसाठी नागपूरला जायचं म्हणून अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून धामणगाव रेल्वेपर्यंत चालत गेली होती. आजी गरोदर होती, तीही चालली. तो दिवस त्यांच्या घरात आजही जन्मदिवसासारखा सांगतात. आणि आमच्या घरातही तसंच आहे. आमचे खापरपणजोबा दुष्काळात तेल्हाऱ्याकडून आलेलं अनाथ पोर. मिशनच्या आश्रमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख लिहिलेली आहे, आणि त्याआधीचं पान कोरं आहे.

“आमाले तारीख आहे,” तायडेबाई म्हणाल्या. “तुमालेही आहे. म्हनून कोनीही उठते अन् विचारते, पयले कोन होते तुमी? या पोरीले तं तारीखच नाई. मंग तुजी आत्या काय सांगून राहिली?”

आत्या काय सांगत होती ते मला त्यांच्याकडून कळलं. अमरावतीला रविवारी मंडळीचा वार्षिक मेळावा होता. आत्यानं तिथल्या पास्टरांना फोन करून सांगितलं होतं की आपल्याकडे एक मुस्लिम घरातून प्रभूत आलेली बहीण आहे, येशूच्या देशातली, आणि तिची साक्ष ठेवा. पास्टरांनी ते मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. तायडेबाईंनाही कुणीतरी पाठवलं होतं.

साक्ष म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माणूस उभा राहतो आणि सर्वांसमोर सांगतो, मी आधी असा होतो, अमुक दिवशी प्रभूनं मला धरलं, आणि आता असा आहे. आधी, दिवस, नंतर. या तीन पायऱ्यांशिवाय साक्ष होत नाही.

“दिवस कसे आहेत तुले समजते ना?” तायडेबाई म्हणाल्या. “मुसलमान पोरगी ख्रिस्ती झाली असं सभेत सांगान, अन् थे खोटं. उद्या कोन कोनाच्या दारात जाईन? तू सांगत काहून नाई?”

हनाननं मला विचारलं, बाई काय म्हणतात. मी म्हटलं, तुझं कौतुक करतायत. ती भिंतीकडे बघून हसली. तायडेबाई हसल्या नाहीत.

शेंदूरजनाघाट, शनिवार

पहाटेच गाडी करून निघालो. आत्याचा बेत असा होता की आधी शेंदूरजनाघाटला बापूरावांची संत्र्याची बाग बघायची आणि संध्याकाळी अमरावतीला मुक्कामाला यायचं. बापूराव तिचे जुने रुग्ण. त्यांचा तुटलेला पाय आत्यानं दोन महिने सांभाळला होता, त्याची परतफेड ते दर हंगामात एका पेटीनं करतात.

मूर्तिजापूरपर्यंत दोन्हीकडे काळी रानं, कापूस काढून उरलेल्या पऱ्हाट्या आणि हरभऱ्याची कापणी. मोर्शी मागे पडली तसे डोंगर दिसायला लागले, पळस पेटलेले. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अचानक गर्द हिरवं. हनाननं काच खाली केली आणि बाहेर तोंड काढून श्वास घेतला.

बापूराव ताठ माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी आम्हाला बागेत फिरवलं. पावसाळ्यात धरलेल्या मृग बहाराची शेवटची तोड चालू होती. झाडाखाली फळांचे ढीग, बाया बसून आकारानं निवडत होत्या. हनान एका झाडाशी उकिडवी बसली आणि बुंध्यावर कलमाची गाठ होती तिथे बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तिला विचारायचं होतं की खालचं झाड कोणतं.

“जंबेरी,” बापूराव म्हणाले. “तुमच्याकडे खुंट कोनता?”

हनान म्हणाली, कडू नारिंगाचा. हे तिला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. मी एक एक वाक्य भाषांतर करत गेले. तिच्या आईच्या वडिलांची समुद्रकाठच्या याफा शहराजवळ संत्र्याची बाग होती. ते कडू नारिंगावर कलम बांधायचे. तिनं ती बाग पाहिलेली नाही, आईनंही नाही. आजोबांनी हातानं दाखवलेलं तेवढं त्यांच्याकडे आहे, चाकू कसा धरायचा, साल किती उचलायची.

“मंग थे बगीचा आता कोनाकडे आहे?”

अठ्ठेचाळीस सालच्या युद्धात ते घर सोडून निघाले, असं ती म्हणाली. परत जाता आलं नाही. बागेचं काय झालं माहीत नाही.

बापूरावांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, आमी इथलेच, पयलेपासून, आमाले कोनी विचारत नाई कुठून आले म्हनून. मग खिशातला चाकू काढला, उघडून हनानच्या हातात दिला आणि एक कोवळी फांदी तिच्यापुढे धरली. म्हणाले, दाखव. तिनं सालीला चीर दिली, टोकानं हळूच उचलली. दोन्हीकडचे हात वेगळे, पण काम तेच. निवडणाऱ्या बायाही उठून बघायला आल्या. त्या दिवशी मी जे जे भाषांतर केलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मला वाटलं, हे मला येतं.

परतताना आत्याला मागच्या सीटवर झोप लागली होती. मेळाव्यात चार शब्द बोलायचे आहेत, एवढंच मी हनानला सांगितलं होतं. तिनं मला विचारलं, उद्या मी नक्की काय बोलायचं आहे?

मी म्हटलं, तुझ्या घराबद्दल बोल. चर्चबद्दल. तुला हवं ते.

अमरावती, शनिवार आणि रविवार

पास्टरांच्या घरी मुक्काम होता. दारात कडुनिंबाची दोन मोठी झाडं, आत पुस्तकांचं कपाट, भिंतीवर पवित्र देशाचा मोठा नकाशा. ते साठीचे, मवाळ बोलणारे. पाहुण्या मुलीसाठी त्यांनी मुद्दाम दूध न घालता काळा चहा करवून घेतला होता. त्यांच्याबद्दल मला एकही वाईट शब्द लिहायचा नाही.

चहा झाल्यावर ते नकाशापाशी उभे राहून मला समजावायला लागले. दावीदानं ज्यांच्या राक्षसासारख्या गल्याथाला मारलं ते पलिष्टी, तेच आजचे पॅलेस्टिनी. अरब सगळे बायबलमधल्या एकट्या इश्माएलाचे वंशज, वाळवंटातून उंटांवरून आले आणि त्या देशात घुसले. त्यानंतर तिथले मूळ ख्रिस्ती संपले. म्हणून आज तिथून एकजण जरी प्रभूकडे आला तरी तो चमत्कार.

हे सगळं मी लहानपणी रविवारच्या शाळेत असंच शिकले होते. तिथल्या नाटकात गल्याथ व्हायचा त्याच्या डोक्याला अरबांसारखा चौकड्याचा रुमाल आणि काळी दोरी बांधायचो आम्ही. कुणाला त्यात काही वाटलं नाही. हनान भेटल्यावर मला एकेक गोष्ट कळत गेली. पलिष्टी समाज म्हणून दोन हजार वर्षांहून आधीच विरून गेले, प्रदेशाला नाव तेवढं राहिलं. अरब हे एकाच माणसाच्या पोटचे नाहीत. किती तरी जुने लोक शतकानुशतकं हळूहळू अरबी बोलायला लागले, तेही अरब झाले. कुणी इस्लाम घेतला, कुणी ख्रिस्तीच राहिले, आणि दोघांचे पूर्वज पुष्कळदा एकच. वाळवंटातल्या काही अरब टोळ्या तर इस्लाम यायच्या आधीच ख्रिस्ती होत्या. हनानची आजी सांगायची की आमची एक शाखा दक्षिणेकडून आली, ती क्रूस घेऊनच आली. बाकीची माणसं तिथलीच. आणि पहिल्या ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत पवित्र आत्मा उतरला तेव्हा जमलेल्यांची शास्त्रात जी यादी आहे, तिच्यात सगळ्यात शेवटी अरबच आहेत. मी ते कितीदा वाचलं होतं. ज्यूंचं त्या मातीशी नातं जुनं आहे, हे हनान कधीच नाकारत नाही. ती फक्त विचारते, त्यामुळे माझं नातं कालचं कसं होतं?

यातलं एक वाक्यही मी पास्टरांना सांगितलं नाही.

हनान नकाशाजवळ गेली. बेथलेहेमच्या शेजारी, जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे तिनं बोट ठेवलं. “इथे माझी आजी पुरलेली आहे,” ती मला म्हणाली. “पास्टर काय सांगत होते?”

“नकाशा समजावत होते,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. “प्रिया,” ती म्हणाली, “तू बापूरावांकडे लांब लांब वाक्यं बोलत होतीस. इथे तुझी वाक्यं फार छोटी झालीत.”

 पास्टरांनी झोपायला जाता जाता मला सांगितलं, उद्या दहा मिनिटं, इस्लाममधून कशी बाहेर पडली तिथूनच सुरुवात करा, लोकांना बळ मिळतं. मी “हो” म्हटलं. तो “हो” मला स्पष्ट ऐकू आला.

रविवारी मेळाव्याला मांडव भरला होता. मोर्शी, वरुड, धामणगाव, कुठून कुठून माणसं आली होती. आधी दोन साक्षी झाल्या. एक दारू सोडलेले गृहस्थ, त्यांनी दिवस, वार, वेळही सांगितली. दुसऱ्या एक विधवा बाई. लोक मधूनमधून “स्तुती असो” म्हणत होते. आत्या पुढच्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून. तिच्या मांडीवर रुमालात बांधलेली जवसाची चटणी होती, हनानला पुण्याला न्यायला. शेजारच्या बाईला ती हनान दाखवत होती.

पास्टरांनी आमची नावं घेतली. म्हणाले, इस्लामच्या अंधारातून प्रभूनं जिला बाहेर काढलं अशी बहीण आता आपल्यापुढे येत आहे. हनान उठली. मी तिच्या मागून गेले. माईक तिच्यासाठी उंच होता, तिनं तो स्वतःच खाली केला.

ती इंग्रजीत एक वाक्य बोलली आणि थांबली. भाषांतरासाठी जागा सोडून, जशी तिनं बागेत सोडली होती. मी माईक हातात घेतला. मांडवात पंखे फिरत होते. मी गप्प. हनाननं मान वळवली.  ती वाट बघत होती. पास्टरांना वाटलं मी अडले, ते मदतीला पुढे झाले. मागून कुणीतरी हलकेच हसलं.

तेव्हा मी बोलले. मराठी अडखळली, दोनदा वाक्य परत घ्यावं लागलं, पण जे बोलले ते असं होतं, हनानसाठीचं एक वाक्य तेवढं इंग्रजीत:

“पास्टर, थांबा. ही कुठल्याच धर्मातून बाहेर पडलेली नाही. ही अरब आहे आणि ख्रिस्ती आहे, हिचे आजी-आजोबाही तसेच, त्यांचेही आजी-आजोबा तसेच. ती अल्लाह म्हणते ते आपण देव म्हणतो तसंच. तिचा उपास ईस्टरचा आहे, रोजा नाही. ती ज्या मुसलमान शेजाऱ्यांत वाढली त्यांनी तिला कधी टाकलं नाही, आणि तिच्या घरच्यांनीही नाही. आत्याला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मला माहीत होतं. गुरुवारपासून मी ऐकत होते आणि गप्प होते. हनान, तुझ्याशीही मी खोटं बोलले. आता ती जे म्हणाली ते सांगते. ती म्हणाली, ‘मी चाळीस दिवसांची असताना माझा बाप्तिस्मा झाला. त्याआधीचं मला काही आठवत नाही.’”